निकामी मालाचा खोका

“कै. वेणूबाई पराते यांनी ही विद्या डोंगरे सरांच्या दुकानात झाडलोट करता करता, सरांच्या हाताखाली उचलली. चहापाणी सांडून बंद पडलेले कीबोर्ड, माउस, हेडफोन पुन्हा चालते करण्याची जी किमया पुढे त्यांच्या नावाने ओळखली गेली, तिचे मूळ सरांच्या टेबलावर आहे. अशिक्षित असूनही बाईंच्या हाताला गुण होता. सर त्यांचे गुरू, आणि आपल्या सदर बाजाराचे भूषण.”

आमच्या बाजाराच्या व्यापारी मंडळाने यंदा काढलेल्या स्मरणिकेत हा मजकूर आला आहे. लिहिणारे मंडळाचे सचिव आहेत. ते माझा आदर करतात, त्यामुळे त्यांना खोडून काढणे मला जड जाणार आहे. एखाद्या वैऱ्याने माझ्याविषयी खोटे लिहिले असते तर काम सोपे झाले असते. मी अनेकांची विधाने आजवर खोडली. सभांमध्ये उभा राहून खोडली, वर्तमानपत्रांना पत्रे लिहून खोडली, दोन लग्नांच्या पंगतीत बसून खोडली. माझी स्तुती करणारे विधान खोडण्याची वेळ मात्र पहिलीच. यात विनय आहे असे कोणी समजू नये. विनयाचा आरोप माझ्यावर अद्याप कोणी केलेला नाही.

हे लिहिण्याचे कारण रेखा. रेखा ही वेणूबाईंची मुलगी. आईच्या मागे तिचे जिन्याखालचे दुरुस्तीचे टेबल आता तीच चालवते. चार दिवसांपूर्वी ती माझ्या घरी आली, चहा नको म्हणाली, आणि उभ्यानेच तिने विचारले.

“काका, मंडळवाले टेबलाच्या वर बोर्ड लावून राहिले. ‘डोंगरे सरांच्या शिष्या वेणूबाई पराते यांचे दुरुस्ती केंद्र’, असं लिहाचं म्हणते. पेंटर सोमवारी येते. माय तुमच्याकडं शिकली होती का?”

“आईने काय सांगितलं होतं?”

“माय काही सांगेच नाही. मी विचारलं का म्हणे, सरांले विचार.” मग म्हणाली, “खरं असन तर लागू द्या बोर्ड. नसन तर मी त्या पेंटरले भिंतीले हात लावू देत नाही. पण खरं काय ते तुम्हीच सांगा.”

मी म्हणालो, लिहून देतो. तोंडी सांगितलेले या बाजारात दुपारपर्यंत टिकत नाही.

वेणूबाई मूळच्या उमरेडच्या, विणकर घरातल्या. लग्न होऊन नागपुरात पाचपावलीकडे आल्या, तेही मागाचेच घर. पुढे माग थांबला, आणि हातातले काम गेल्यावर बाई दुसरे काम शोधू लागल्या. सदरमधील एका संकुलाच्या पहिल्या मजल्यावर माझे संगणक दुरुस्तीचे दुकान होते. तेथे झाडणे, पुसणे, आलेल्या मालावरची धूळ झटकणे हे काम त्यांनी सात महिने केले. या सात महिन्यांवर सचिवांनी गुरुशिष्य परंपरेचा एवढा इमला उभारला आहे, म्हणून त्या सात महिन्यांत नेमके काय घडले ते सांगतो.

माझ्याकडे इलेक्ट्रॉनिक्सची पदविका आहे. ती काचेत बसवून मी दुकानात समोरच्या भिंतीवर लावली होती. काहीही सांडलेला माल आला की माझी पद्धत ठरलेली असे. गरम हवेचे यंत्र लावायचे, तास-दीड तास वाळवायचे, जोडून पाहायचे. चालला तर उत्तम. न चालला तर पाठीवर पांढरे लेबल चिकटवून त्यावर मी माझ्या अक्षरात ‘निकामी’ असे लिहीत असे आणि खाली सही करत असे. गिऱ्हाईक तो परत नेत नसे. मग तो मागच्या खोक्यात जाई. माझ्या सहीनंतर त्या वस्तूविषयी कोणी वाद घालत नसे, आणि याचा मला अभिमान होता.

एके दिवशी मी असाच एक कीबोर्ड वाळवत होतो. दोन गिऱ्हाइके समोर बसलेली. वेणूबाई हातात फडके घेऊन जवळ येऊन उभ्या राहिल्या.

“सर, एक विचारू का जी?”

“विचारा.”

“याच्यावर चहा सांडला न?”

“हो.”

“साखरेचा?”

“चहात साखर असतेच, वेणूबाई.”

“मंग तुम्ही याले वाळवून काहून राहिले? खळ अशीच तं बसवतात.” माझ्या चेहऱ्यावर काही उमटले नाही हे पाहून त्यांनी समजावून सांगितले. मागावर चढवण्याआधी धाग्याला कांजीसारखी खळ लावतात आणि ती वाळवतात, म्हणजे ती घट्ट बसते. “काढाची असन तं धागा पाण्यात घालावा लागते. वाळवल्यानं खळ निघाली, असं मी तं नाही पाहिलं कधी.”

“हा धागा नाही,” मी म्हणालो. “यात वीज असते.”

“आता कुठं आहे वीज? पिन तं तुम्ही काढून ठेवली.”

समोरची दोन्ही गिऱ्हाइके हसली. मी वेणूबाईंना मागची खोली झाडायला सांगितले. ती त्यांनी सकाळीच झाडलेली होती. पुन्हा झाडली.

सचिव महाशयांनी येथे जरा थांबावे. माझ्या टेबलाशी झालेला हा एकच पाठ, आणि तो कोणी कोणाला दिला हे त्यांनी स्वतःच ठरवावे.

काही दिवसांनी त्यांनी तो मागचा खोका मागितला.

“काय करणार त्याचं?”

“धुणार.”

“साबण देऊ का दुकानातून?”

“नाही जी, रिठे आहेत घरी.”

मी थट्टा करत होतो, त्या उत्तर देत होत्या. रेशमाचा धागा रिठ्याच्या पाण्यात धुतात, तो रंग सोडत नाही आणि तेलकटपणा मात्र सोडतो, हे मला कोणी सांगितले नव्हते; माझ्या पदविकेच्या अभ्यासक्रमात रेशीम नव्हते. खोका त्यांच्या घरी गेला. घरात मागाचा सांगाडा अजून उभा होता. त्यावर आता उभ्या धाग्यांचा ताणा नव्हता, म्हणून कीबोर्डच्या पोटातले ते पारदर्शक पडदे, ज्यांवर विजेच्या बारीक वाटा छापलेल्या असतात, ते कोमट पाण्यातून काढून बाईंनी तेथे सावलीत टांगले. उन्हात पडदा मुरडतो, गरम हवेतही मुरडतो. तीन दिवस कोणी हात लावायचा नाही, असा त्यांचा दंडक होता. मी आयुष्यात कोणतीही वस्तू तीन दिवस नुसती ठेवली नव्हती. कौशल्यापेक्षा हेच आम्हा दोघांतले खरे अंतर होते, आणि ते मला फार उशिरा मोजता आले.

पहिला कीबोर्ड घेऊन त्या दुकानात आल्या, तो दिवस मला नीट आठवतो, कारण त्या दिवशी मी पोट धरून हसलो होतो. मी तो जोडला. पडद्यावर ‘नागपूर’ हा शब्द इंग्रजीत उमटवण्यासाठी अक्षरे पाहून पाहून कळा दाबल्या. उमटले एक्स, एल, जी, क्यू, आर, यू. सबंध नागपुरातला एक ‘जी’ तेवढा जागेवर होता. बाईंनी अक्षरांच्या तिन्ही ओळी आरशात दिसाव्यात तशा, उजवीकडून डावीकडे बसवल्या होत्या.

“हे काय केलंत?”

त्यांनी पाहिले आणि त्यांच्या लगेच लक्षात आले. “आमच्याकडं मागावर काठाची सुलटी बाजू खाली असते न जी. नक्षी आम्ही मागूनच ध्यानात ठेवतो.” कीबोर्ड पालथा घालून त्यांनी कळांची नक्षी पाठीकडून मनात धरली होती. अशी चूक आयुष्यभर मागावर बसलेल्या माणसाच्याच हातून होऊ शकते. मी समोर असलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो कीबोर्ड दाखवला. संध्याकाळपर्यंत दाखवत होतो. बाईंनी कोपऱ्यात बसून पाव तासात कळा काढून सरळ बसवल्या आणि कीबोर्ड माझ्या टेबलावर आणून ठेवला.

हसण्याच्या भरात एक गोष्ट मी बाजूला सारली होती. मी सही करून निकामी ठरवलेल्या त्या कीबोर्डची प्रत्येक कळ चालत होती.

पुढच्याच महिन्यात त्यांनी काम सोडले आणि त्याच संकुलात, जिन्याखाली, टेबल मांडले. माझ्या दुकानातून त्यांनी नेलेली वस्तू एकच, आणि तीही माझ्या परवानगीने: निकामी मालाचा खोका.

आता दुसरी कथा. ‘अशिक्षित, साधी बाई, हाताला गुण.’ ही चहाच्या टपरीवरची आवृत्ती सचिवांनी जशीच्या तशी उचलली आहे. वेणूबाई आठवी पास होत्या आणि साध्या तर मुळीच नव्हत्या. अभिमानात त्या माझ्या तोडीच्या होत्या, आणि ज्याने मला पाहिले आहे त्याला हे पुरेसे आहे. हाताला गुण वगैरेही काही नव्हते. जे होते ते नाकात होते आणि थांबण्यात होते.

टेबलावर एक स्टीलचे ताट, एक चौकड्यांचे कापड, रिठ्याच्या पाण्याची वाटी, बॅटरीत घालायच्या पाण्याचा कॅन आणि एक नरम ब्रश. गिऱ्हाईक आले की पहिला प्रश्न, “काय सांडलं जी?” लोक खोटे बोलत. डॉक्टरकडे लोक इतके खोटे बोलत नसतील. सगळ्यांकडे पाणीच सांडलेले असे. बाई वस्तू नाकाशी नेत आणि शांतपणे म्हणत, “पाण्याले इलायचीचा वास कधीपासून येऊन राहिला?” रांगेतले लोक हे ऐकण्यासाठीच थांबत. एका वकिलाने आपला कीबोर्ड दोन दिवस तांदळाच्या डब्यात पुरून आणला होता, कारण तसे केल्याने ओल जाते असे त्यांना कोणीतरी सांगितले होते. बाईंनी कळांच्या फटींतून तांदळाचे दाणे एकेक करून ताटात काढले.

“पेरला होता का वकीलसाहेब? उगवलं का मंग काही?”

वकीलसाहेब न्यायालयात काय बोलत असतील ते असो, येथे ते पैसे किती एवढेच विचारून मोकळे झाले.

द्रवांविषयी त्यांची मते ठाम होती. “पाणी म्हणजे पाहुणं, दोन दिवसांत आपलंच जाते. चहा म्हणजे जावई, गोड बोलून बसून राहते. अन् तर्री म्हणजे सवत.” नागपुरात कामाच्या टेबलावर तर्री-पोहे खाणाऱ्यांची कमतरता नाही, त्यामुळे सवतींशी त्यांचा सामना रोजचा होता. त्या लाल तेलासाठी रिठे. दुरुस्त झाले असे त्या कधी म्हणत नसत. वस्तू परत देताना म्हणत, “आला.” कोठेतरी गेला होता आणि स्वतःच्या पायांनी परत आला, अशा सुरात. आणि जे येणार नसे त्याविषयी तितकेच स्पष्ट सांगत. एका तरुणाने महागड्या हेडफोनसाठी फार आर्जवे केली, तेव्हा त्या म्हणाल्या, “तू वाळवला का याले घरी? चालू करून पाह्यला? मंग आता माझ्यापाशी काहून आला गा? जळाच्या आधी आणाचं होतं.”

त्यांची आणखी एक रीत होती. काम झाले की त्या वस्तूच्या केबलला, टोकापाशी, सुताचा एक दोरा विणकरी गाठीने बांधत. पाण्याला पांढरा, चहाला तपकिरी, तर्रीला लाल, संत्र्याला नारिंगी. तीच वस्तू पुन्हा आली तर मागे काय सांडले होते ते कळावे, एवढाच हेतू. गाठ अशी की कापल्याशिवाय सुटत नसे. दोऱ्याच्या बाबतीत त्या कोणाची भीड ठेवत नसत. एका साहेबाने तपकिरीऐवजी पांढरा बांधा म्हटले, कचेरीत चहाला बंदी होती म्हणून. बाई म्हणाल्या, “तोंडानं मी काही बी म्हणीन साहेब, दोरा तसा नाही बांधत.”

आता माझ्याविषयी. वीस पावलांवर हे सारे चालू असताना मी वर बसून काय करत होतो, हे कोणी लिहिलेले नाही. मी जळत होतो. शब्द मोजून वापरतो: जळत होतो. धंतोलीच्या एका रुग्णालयाचे संगणक मी वर्षानुवर्षे सांभाळत आलो होतो. तेथल्या कीबोर्डवर खोकल्याचे औषध सांडले, तेव्हा स्वागतकक्षातली मुलगी पिशवी घेऊन माझ्या दुकानात आली, माझ्या पदविकेखाली उभी राहिली आणि तिने विचारले, “काका, वेणूबाई कुठे बसतात?”

“माहीत नाही,” मी म्हणालो.

ती खाली उतरली आणि जिन्याच्या पायथ्याशीच तिला त्या सापडल्या. मला वरून दोघींचे हसणे ऐकू आले. कशाला हसल्या ते मला आजही माहीत नाही. त्यानंतर ‘माहीत नाही’ हे उत्तर मी कितीतरी लोकांना दिले.

आणि आता ती हकिगत, जी आजवर मी कोणालाही सांगितलेली नाही.

माझी पत्नी मालती घरी मराठी टंकलेखन करते. लोकांचे प्रबंध, पत्रिका, प्रतिज्ञापत्रे. तिचा कीबोर्ड जुना, वजनदार आणि खडखड वाजणारा. प्रत्येक कळेखाली वेगळी स्प्रिंग. तसे आता बाजारात मिळत नाहीत. तिच्या बोटांच्या सांध्यांना नव्या चपट्या कळा सोसत नाहीत. त्या वेळी एका प्राध्यापिकेचा प्रबंध तिच्याकडे अर्धवट होता. ती दोन दिवस बहिणीकडे भिवापूरला गेली होती, वर्षाची मिरची आणायला. मी तिच्या टेबलाशी बसलो, काहीतरी शोधत होतो, आणि माझ्या कोपराने संत्र्याच्या सरबताचा भरलेला पेला त्या कीबोर्डवर आडवा केला.

मी तो दुकानात नेला आणि गरम हवा लावली. होय, तेव्हाही. समजायला उशीर लागतो असे नव्हते; मला समजून घ्यायचे नव्हते. दीड तासाने निम्म्या कळा दाबल्या की वर येईनात. हाताला सवय होती, म्हणून मी त्याच्या पाठीवर लेबल लावले, ‘निकामी’ लिहिले आणि सही केली. सही करून झाल्यावर मला कळले की मी कशावर सही केली आहे.

मी जिना उतरलो. टेबलापाशी तीन माणसे उभी होती. त्यांतला एक माझ्या ओळखीचा होता.

“काय सांडलं जी?” वेणूबाईंनी विचारले. मी सर असलो तरी प्रश्न तोच.

“पाणी,” मी म्हणालो.

त्यांनी कीबोर्ड नाकाशी नेला. संत्र्याचा वास मला स्वतःला उभ्या जागी येत होता. तिघेही माझ्या मागे जरा पुढे सरकले. आता काय ऐकायला मिळते याची ते वाट पाहत होते, आणि डोंगरे सरांची फजिती म्हणजे बाजाराला आठवडाभराची करमणूक. बाईंनी कीबोर्ड उलटा केला. लेबल वाचले. माझ्याकडे पाहिले.

“बरं,” त्या म्हणाल्या. “पाणी.”

वकील, डॉक्टर, बँकेचे साहेब, कोणाचेही खोटे त्यांनी त्या टेबलावर चालू दिले नव्हते. माझे चालू दिले. त्यांनी मला हसून घेतले असते तर मी त्यांना केव्हाच क्षमा केली असती. या औदार्याबद्दल क्षमा करायला मला फार वर्षे लागली.

“आठ दिवस लागन सर. गरम हवा दिली न तुम्ही. मधात विचाराले येऊ नका.”

नवव्या दिवशी त्यांनी कीबोर्ड माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, “आला.” पाठीवरचे लेबल तसेच होते. एवढे धुतल्यावरही कसे राहिले, असे मी विचारले. पाठ वेगळी काढून ठेवली होती, म्हणाल्या.

“पण लेबल का नाही काढलंत?”

“तुमची सही आहे. मी कशी काढीन?”

मालती तोवर भिवापूरहून परतली होती, आणि बिघडला होता, मीच दुरुस्त करतो आहे, असे मी तिला सांगून ठेवले होते. तिने एक ओळ टंकली, बोटे कळांवरून फिरवली, केबल नीट गुंडाळून बाजूला केली.

“तुम्हीच केलात ना?”

“हो.”

“बरं,” ती म्हणाली. एकाच पंधरवड्यात दोन बायकांनी मला एकाच स्वरात ‘बरं’ म्हटले होते.

हा लेख मी हाताने लिहितो आणि मालती टंकते. ती आत्ता येथपर्यंत आली आणि थांबली.

“केबलला दोरा नारिंगी आहे,” ती म्हणाली. “मला त्याच दिवशी दिसला होता.”

मी चष्मा लावून पाहिला. आहे. तोंडाने बाई पाणी म्हणाल्या होत्या. दोरा तसा बांधला नव्हता.

“मग बोलली का नाहीस?”

“म्हटलं, सांगतील कधीतरी. वेणूबाई तीन दिवस थांबायच्या म्हणून एवढं कौतुक लिहून राहिलात, मी नऊ वर्षं थांबले त्याचं काय?”

हे वाक्यही तिने टंकावे असे मी सांगितले आहे.

यापुढची कबुली अधिक अवघड आहे. ज्या महिन्यात वेणूबाईंनी माझी लाज राखली, त्याच महिन्यात मंडळाचे हे सचिव माझ्या दुकानात बसले होते. जिन्याखालच्या रांगेचा आवाज वर येत होता. ते कौतुकाने म्हणाले, “या बाई हे शिकल्या कुठं हो?” मी मान वर न करता म्हणालो, “कुठं म्हणजे? माझ्याच दुकानात.” एवढे एकच वाक्य. त्यांनी ते विश्वासाने जपले, वाढवले आणि छापले. म्हणजे मी आज ज्यांना खोडतो आहे, ते माझेच शब्द आहेत. हे वाक्य वेणूबाईंच्या कानावर गेले होते. कोणीतरी त्यांना विचारलेही, आणि त्या म्हणाल्या होत्या, “सर म्हणत असन तं सरांले माहीत असन.” रेखालाही त्यांनी तेच उत्तर ठेवले. सरांले विचार. ज्याने गाठ मारली त्यानेच ती सोडावी, असा त्यांचा हिशेब असावा, किंवा नसेलही. त्यांच्या मनातले सांगण्याचा अधिकार मला नाही.

मी त्यांना शेवटचे पाहिले ते गेल्या हिवाळ्यात. धंतोलीत मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करून त्या आठच दिवसांत टेबलावर आल्या होत्या. डोळ्यांना काळा चष्मा, डोक्याला मफलर, सर्दीने आवाज बसलेला. मी जिना चढत होतो.

“सर, इकडं या जी.”

मी गेलो. त्यांनी एक उघडलेला माउस माझ्यापुढे धरला. “नाक बंद आहे माझं. जरा वास पाहा.”

पदविका मिळाल्यापासून मी कोणत्याही यंत्राचा वास घेतला नव्हता. मी वाकलो. आसपास माणसे होती. मी दोनदा हुंगले.

“ताक,” मी म्हणालो.

“साधं का फोडणीचं?”

मी तिसऱ्यांदा हुंगले. “हिंग आहे.”

“बरोबर.”

“नाक बंद आहे, मग बरोबर कशावरून?”

“बोटाले कळलंच होतं. नाकाची साक्ष लागते.” एवढे बोलून त्यांनी माउस कोमट पाण्याच्या वाटीत सोडला आणि माझ्याकडे पाठ केली. मी जिना चढून वर आलो. त्या स्त्रीने मला बरोबर म्हटल्याचा तो एकमेव प्रसंग. त्याचा मला जो आनंद झाला, तितका भिंतीवरच्या त्या काचेतल्या कागदाचा झाला नव्हता, आणि त्यामुळे मला स्वतःचा रागही आला. पंधरा दिवसांत त्या गेल्या. शोकसभेत मी पहिल्या रांगेत होतो. सचिवांनी मला गुरू म्हटले, लोकांनी माझ्याकडे पाहून माना डोलावल्या, आणि सभांमध्ये उभा राहून इतरांना खोडणारा मी त्या दिवशी बसून राहिलो.

रेखा, पेंटर सोमवारी येईल. बोर्डावर तुझ्या आईचे नाव लिहून घे, माझे नको. मंडळाने आग्रह केला तर त्यांना माझ्याकडे पाठव. वाद घालायला मी अजून समर्थ आहे. कोणी म्हणेल, सर मोठ्या मनाने श्रेय सोडत आहेत. त्याला सांग, सरांचे मन मोठे नाही, सर आजही जळतात. कोणी म्हणेल, म्हातारपणी सरांना नीट आठवत नसेल. आठवणीवर कोणी विसंबावे असे मी म्हणतच नाही. ज्याला शंका असेल त्याने माझ्या घरी यावे. ज्या कीबोर्डवर हा सबंध लेख मालतीने टंकला आहे, तो मी त्याच्या हातात देईन. त्याने तो उलटा करावा. पाठीवर पांढरे लेबल आहे, त्यावर ‘निकामी’ असे लिहिलेले आहे, आणि खाली सही माझी आहे.